गृहकर्ज, पत्नीचे नाव आणि व्याजदर
(लखनौ येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गृहकर्जाच्या चर्चेत व्याजदर पुढे येतो आणि मालकी हक्क मागे राहतो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. एक उदाहरण कल्पावे. लखनौच्या गोमती नगरातील एका सदनिकेवर पतीच्या नावे 30 लाख रुपयांचे कर्ज आहे. मुदत 20 वर्षे, व्याजदर 9 टक्के. पत्नी शिक्षिका आहे. महिलांना अनेक बँका व्याजदरात सुमारे 0.05 टक्का सवलत देतात. तेव्हा हे कर्ज पत्नीच्या नावावर करून घेणे लाभदायक ठरेल काय?

प्रथम हिशेब पाहू. 9 टक्के दराने मासिक हप्ता सुमारे 26,992 रुपये होतो, 8.95 टक्के दराने तो 26,895 रुपये होतो. म्हणजे बचत महिन्याला शंभर रुपयांच्या आतच. याउलट दर 8.5 टक्क्यांवर आल्यास हप्ता सुमारे 957 रुपयांनी घटतो.

आता कायदेशीर बाजू. कर्ज ही हातोहात देता येणारी वस्तू नव्हे. घर धनकोकडे गहाण असते. महिलांसाठीची सवलत सामान्यतः स्त्री घराची मालक वा सहमालक आणि कर्जाची अर्जदार वा सहअर्जदार असेल तरच मिळते. म्हणून धनकोची संमती, पत्नीच्या परतफेडक्षमतेची तपासणी आणि मालकीचे नोंदणीकृत हस्तांतरण या तिन्ही पायऱ्या आवश्यक ठरतात. उत्तर प्रदेशात 2023 च्या निर्णयाने कुटुंबीयांमधील निवासी मालमत्तेच्या बक्षीसपत्रास 5,000 रुपये मुद्रांक शुल्क ठरले. महाराष्ट्रात 2015 पासून पती-पत्नींमधील अशा बक्षीसपत्रास 200 रुपये शुल्क ठेवण्यात आले. मात्र करकायद्याची दृष्टी वेगळी आहे. पुरेशा मोबदल्याविना पत्नीस दिलेल्या घराचा मालक प्राप्तिकर अधिनियम, 1961 च्या कलम 27 ने पतीलाच मानले. त्यामुळे घरभाड्यावरील कर टळत नाही.

मग दर खरोखर कमी कसा होतो? त्याचे उत्तर कर्जाच्या संदर्भदरात आहे. जुलै 2010 मध्ये आधार दर आणि एप्रिल 2016 मध्ये निधीच्या सीमांत खर्चावर आधारित दर आला. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य संदर्भदराशी जोडली गेली. जुनी कर्जे मात्र आपोआप नव्या पद्धतीत आली नाहीत. ज्याने अर्ज केला नाही, तो जुन्याच दरात राहिला. रिझर्व्ह बँकेने जून 2012 मध्ये वैयक्तिक ऋणकोंच्या तरत्या दराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व परतफेडीचा दंड बंद केला. म्हणून आपल्याच बँकेत संदर्भदर बदलून घेणे अथवा शिल्लक कर्ज अन्य बँकेकडे नेणे, हा अधिक सरळ मार्ग होय. त्यात प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन आणि गहाणखताचा खर्च वजा करूनच निष्कर्ष काढावा. मुदतीच्या प्रारंभी व्याजाचा वाटा मोठा असल्याने लाभही तेव्हाच अधिक असतो.

असे असले तरी पत्नीचे नाव दुय्यम ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) घर वा जमीन एकटीच्या किंवा संयुक्त नावावर असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 43.3 टक्के आढळले. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेने (शहरी) घराच्या मालकीत स्त्रीचे नाव असण्यावर भर दिला, तर उत्तर प्रदेशाने जुलै 2025 मध्ये स्त्रियांच्या नावे होणाऱ्या खरेदीवरील 1 टक्का मुद्रांक शुल्क सवलतीची मर्यादा 10 लाखांवरून 1 कोटी रुपयांपर्यंत वाढविली. या धोरणांचा हेतू स्त्रीस मालमत्तेचा आधार देणे हा आहे.

म्हणूनच एक धोका लक्षात ठेवावा. पत्नीने केवळ कर्जाच्या कागदांवर स्वाक्षरी केली आणि मालकी पतीकडेच राहिली, तर हप्ते थकल्यास जबाबदारी तिची, घर मात्र त्याचे, अशी स्थिती उद्भवते. जेथे ऋणाचे दायित्व येते, तेथे मालकीही यावी. ही समता साधली तरच व्याजातील सवलतीस अर्थ आहे.