पद्मिनीचा मागचा एक्सल

मुंबईच्या टॅक्सीसेवेतून प्रीमियर पद्मिनी २०२३ साली निवृत्त झाली. पुण्यात वारज्यातल्या एखाद्या पार्किंगमध्ये ती कुणी जपली असेल, तर मागून येणारा घूंऽऽ आवाज त्यांना नवा नसेल. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं इंजिन पुढे, जोर मात्र मागच्या चाकांवर. वेगाबरोबर चढणारा तो आवाज बहुधा मागच्या एक्सलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी जोडीचा, नाहीतर बेअरिंगचा.

घरीच काम काढताय? मग नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या लावा. एक्सलमधून काढलेलं ऑइल निरखून बघा. त्यात चमचमता चुरा सापडला, की खर्च वाढला म्हणून समजा! बेअरिंग, ऑइल सील यांची चौकशी नाना पेठेत करा. क्राउन आणि पिनियन मात्र जोडीनंच बदलायचे.

खरी कसोटी जुळणीत. दातांना निळा रंग लावून क्राउन फिरवा. ठसा दाताच्या मध्याजवळ उमटायला हवा. तो दाताच्या माथ्याकडे किंवा मुळाकडे सरकला, तर शिम म्हणजे पातळ चकती बदलून पिनियन पुढे-मागे घ्यायचा. इथं अंदाजपंचे चालत नाही, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. भरायचं ते हायपॉइड गिअरचंच ऑइल. इंजिनचं उरलेलं ओतलंत, तर नवे दातही लवकरच ओरडू लागतील.