एकाच फळ्यावर अनेक हात
(ज्युबिली महोत्सवानिमित्त उमरखेड येथें दिलेलें व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं शिक्षणासंबंधीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. महोत्सव म्हटला म्हणजे मागील वर्षांचा हिशेब आणि पुढील वर्षांची तरतूद हीं दोन्ही कामें ओघानेंच येतात. हिशेब इतर वक्त्यांनीं उत्तम रीतीनें मांडला आहे. आम्ही तरतुदीकडे वळतों. मुलांच्या अभ्यासिकेसाठीं कांहीं रक्कम खर्च करावी असा विचार आपल्यांत चालला आहे. कोणी म्हणतात, भिंतभर मोठा पडदा घ्यावा. कोणी म्हणतात, मुलांच्या हातीं यंत्र देणें म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत देणें. दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेण्याजोगें आहे. म्हणून इंटरनेटवरील नव्या शिक्षणसाधनांचा उपयोग कोठें आहे, कोठें नाहीं, आणि उमरखेडसारख्या गांवीं तीं कशीं वापरावीं, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हीं साधनें म्हणजे काय तें पाहूं. आपल्या नेहमींच्या फळ्यावर एक हात लिहितो आणि चाळीस मुलें वाचतात. चित्रपटासारखा धडा दाखविणारा पडदा आणला, तरी त्यांत फरक पडत नाहीं. तेथेंही एकानें दाखवावें व बाकीच्यांनीं पाहावें हाच प्रकार. ज्यांस परस्परसंवादी साधनें म्हणतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. तेथें एकच पान असतें, परंतु त्यावर एकाच वेळीं अनेक हात लिहूं शकतात. गूगल डॉक्समध्यें चार मुलें मिळून एक निबंध लिहितात, आणि कोणी काय लिहिलें, कोणी काय खोडलें, याची नोंद मागें राहते. पॅडलेटसारख्या भिंतीवर प्रत्येक मूल आपली चिठ्ठी चिकटवितें. नॉर्वे देशांत तयार झालेल्या व २०१३ सालीं सर्वांस खुल्या झालेल्या कहूट या खेळांत प्रश्नाचें उत्तर सारा वर्ग एकदम देतो. सारांश, पाहणाऱ्याचा करणारा होतो, हेंच या साधनांचें मर्म होय.

परंतु ही कल्पना नवी आहे असें कोणीं समजूं नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्रू बेल नांवाचे स्कॉटिश पाद्री अधीक्षक होते. एका देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना त्यांनीं पाहिलीं. त्यांनीं तीच रीत आपल्या शाळेंत आणली, आणि मोठ्या मुलांनीं धाकट्यांस शिकवावें अशी व्यवस्था बसविली. १७९७ सालीं त्यांनीं तिजवर पुस्तक लिहिलें, आणि मद्रास-पद्धति या नांवानें ती इंग्लंडांत पसरली. तात्पर्य हेंच कीं, मूल मुलापासून शिकतें हा अनुभव आपल्याच मातींतला आहे. वाळूच्या जागीं आतां कांच आली, इतकेंच.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, गुरुजींनीं विचारलें कीं एक तृतीयांश मोठा कीं एक चतुर्थांश मोठा? पुढच्या बांकावरील दोन हुशार मुलें बरोबर उत्तर देतात, गुरुजी समाधानानें पुढें जातात, आणि तिनापेक्षां चार मोठे म्हणून एक चतुर्थांश मोठा, असें मनांत धरून बसलेलें मूल तसेंच राहतें. त्याची चूक कोणास कळत नाहीं. त्यालाही कळत नाहीं. पुढें सहा वर्षांनीं तें गणितांत नापास होतें, तेव्हां आपण त्याच्या बुद्धीस दोष देतों. हार्वर्ड विद्यापीठांतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनीं १९९१ पासून यावर एक साधा उपाय चालविला. प्रश्न विचारावा, प्रत्येकानें आपलें उत्तर नोंदवावें, मग शेजाऱ्याशीं वाद करून त्याला आपलें म्हणणें पटवावें, आणि पुन्हां उत्तर द्यावें. दोन उत्तरांमधल्या त्या दोनचार मिनिटांच्या गलक्यांत खरें शिक्षण घडतें.

यासाठीं प्रत्येक मुलाजवळ यंत्र हवें काय? मुळींच नको. प्लिकर्स नांवाचें एक साधन आहे. त्यांत मुलांच्या हातीं केवळ छापील कागदाचा तुकडा असतो. त्यावरील चौकोनी आकृतीच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरें. जें उत्तर योग्य वाटेल ती बाजू वर करून मूल तो कागद उंच धरतें. गुरुजी आपल्या एकाच मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवितात, आणि कोणाचें काय उत्तर आलें तें तत्काळ दिसतें. प्रत्येकाचा कागद निराळा असल्यामुळें शेजाऱ्याची नक्कल करतां येत नाहीं, आणि चुकलेल्याचें नांवही चारचौघांत निघत नाहीं. लाजाळू मुलास याहून मोठा आधार कोणता?

विज्ञानाच्या व गणिताच्या शिक्षकांसाठीं आणखी दोन साधनांचा उल्लेख केला पाहिजे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत फेट नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांतील प्रयोग मराठींतही मिळतात, फुकट मिळतात, आणि पुष्कळसे एकदां उतरवून घेतले म्हणजे इंटरनेटवांचूनही चालतात. बॅटरी, तार व दिवा जोडून मूल विजेचें मंडल बनवितें. तार तुटली कीं दिवा विझतो, आणि शॉक बसण्याचें भय नाहीं. दुसरें जिओजेब्रा. ऑस्ट्रियांतील मार्कुस होहेनवार्टर यांनीं २००१ च्या सुमारास आपल्या विद्यार्थिदशेंत तें रचलें. त्रिकोणाचा कोपरा ओढून कसाही वांकडा करा. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. पाठ केलेला नियम विसरतो, परंतु स्वतः ओढून पाहिलेला नियम सहसा विसरत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व मोठ्या शहरांतील श्रीमंत शाळांसाठीं. त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्याकडे पाहावें. तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ सालीं रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली. पुष्कळ मुलांची घरची भाषा कानडी, आणि पुस्तक मात्र मराठींत. त्यांनीं स्वतः कानडी शिकून धडे मुलांच्या भाषेंत आणले, आणि पुस्तकावर क्यूआर कोड या चौकोनी खुणा चिकटविल्या. मोबाइल त्या खुणेवर धरला कीं कविता ऐकूं येई, गोष्ट दिसे, किंवा प्रश्न समोर येई. पुढें महाराष्ट्र सरकारनें ही कल्पना सर्व पाठ्यपुस्तकांसाठीं उचलली. आज आपल्या मुलांच्या दप्तरांतील पुस्तकांवर ज्या खुणा दिसतात, त्यांची वाट एका खेड्यांतील शाळेंतून आली आहे. भारत व पाकिस्तान, इराण व इराक अशा परस्परांविषयीं साशंक देशांतील मुलांचे गट जोडून त्यांनीं त्यांचा संवादही घडवून आणला. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लाख डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. आमच्या मतें या हकीगतींत यंत्राचा भाग थोडा आणि मुलाची भाषा आधीं शिकणाऱ्या गुरुजींचा भाग मोठा आहे.

हा मुद्दा उमरखेडास विशेष लागू पडतो. पैनगंगेच्या कांठचा आपला तालुका म्हणजे विदर्भ आणि मराठवाडा यांची शींव. येथें एकाच बांकावर गोरमाटी बोलणारें तांड्यावरचें मूल, उर्दू बोलणारें मूल आणि वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारें मूल शेजारीं शेजारीं बसतें. ज्याची घरची बोली पुस्तकांत नाहीं, तें मूल वर्गांत आधीं गप्प बसावयास शिकतें, मग इतर कांहीं. सामाईक पानावर त्यास आपल्या बोलींतला शब्द लिहितां येतो, आपल्या आजीच्या आवाजांतील गोष्ट ध्वनिमुद्रित करून जोडतां येते. आमची एक सूचना अशी कीं, आपल्या अभ्यासिकेनें वसईकडील एखाद्या धर्मग्रामाशीं जोडी जमवावी. तेथील पुष्कळ घरांतून सामवेदी बोली चालते. पुस्तकी मराठी त्या मुलांसही शाळेंतच भेटते. आपल्या मुलांनीं त्यांस कापसाचें बोंड कसें फुटतें, वेचणी कशी होते तें चित्रांसह लिहून कळवावें. त्यांनीं आपणांस भरतीओहोटी कशी मोजतात तें कळवावें. दोहोंकडच्या विहिरींची पाणीपातळी महिन्यामहिन्यास एकाच तक्त्यांत मांडली, तर भूगोलाचा धडा मुलें स्वतःच लिहितील. आणि ज्या मुलास आपलें लेखन कोणीतरी दूर बसून वाचणार आहे हें ठाऊक असतें, तें अक्षर व शब्द दोन्ही जपून लिहितें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप दारिद्र्याचा, आणि तो खरा आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत ग्रामीण भारतांतील १०० कुटुंबांपैकीं सुमारें १५ कुटुंबांसच इंटरनेटची सोय, आणि सुमारें ४ कुटुंबांतच संगणक आढळला. २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां या आंकड्यांचा अर्थ घरोघर कळला. ज्या घरीं एकच मोबाइल आणि तो बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरच्या मुलाचा वर्गच बुडाला. मोबाइल त्यानंतर वाढले, परंतु तो मुलाच्या हातीं केव्हां येतो हा प्रश्न उरलाच आहे. म्हणून घरीं करावयाचा अभ्यास यंत्रावर अवलंबून ठेवूं नये. साधन सामाईक असावें, सामाईक जागीं असावें. चार मुलांत एक यंत्र ही उणीव न मानतां रीत मानावी: एकानें चालवावें, तिघांनीं सांगावें, आणि पाळी फिरावी.

दुसरा आक्षेप मातांचा आहे: मोबाइल हातीं आला कीं मूल खेळांत आणि चित्रांत वाहून जातें. ही भीति रास्त आहे. तिचें उत्तर असें कीं, बंद खोलींत एकट्यानें पाहणें निराळें, आणि वडीलधाऱ्यांसमोर चौघांनीं मिळून करणें निराळें. याखेरीज मुलांचीं नांवें व छायाचित्रें परक्या कंपन्यांच्या हातीं देतांना सावध असावें. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास आईबापांची संमति आवश्यक ठरविली आहे. शिक्षकांनीं पुरें नांव न घालतां हजेरी क्रमांक घातला, तरी बहुतेक काम भागतें.

तिसरा धोका क्वचितच कोणाच्या लक्षांत येतो. हीं साधनें दुसऱ्याच्या मालकीचीं आहेत. गूगलचा जॅमबोर्ड हा सामाईक फळा कित्येक शिक्षकांच्या हातीं बसला होता. २०२४ च्या अखेरीस कंपनीनें तो बंद केला. म्हणून मुलांच्या कामाची प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि धडा साधनावर न बेतावा. धड्यास साधन शोधावें.

शेवटीं रकमेसंबंधीं आमचें मत स्पष्ट सांगतों. भिंतभर पडदा घेऊं नये. त्याच्या किमतींत चारपांच साधे टॅब्लेट, एक छापणारें यंत्र, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आणि वर्षभराचें इंटरनेट भागविण्याचा प्रयत्न करावा. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं खोली उघडी राहावी, आणि ती केवळ आपल्या घरच्या मुलांसाठीं नसावी. तांड्यावरचें, मोहल्ल्यांतलें, ऊसतोडीहून परतलेलें, जें येईल तें मूल आंत यावें. महाविद्यालयांत जाणाऱ्या आपल्या तरुणतरुणींनीं पाळीपाळीनें तेथें बसावें. आणि सहा महिन्यांनीं एकच तपासणी करावी: जें मूल पूर्वीं गप्प बसे, तें आतां कांहीं विचारतें काय? होय असें उत्तर आलें, तर पैसा सत्कारणीं लागला. नाहीं असें आलें, तर यंत्रें कपाटांत ठेवून वाळूंत बोटानें अक्षरें काढण्यापासून पुन्हां प्रारंभ करण्यास आपणांस लाज वाटण्याचें कारण नाहीं.