पार्सल नागपूरमार्गे

भिवंडीच्या गोदामातून यवतमाळला एकच साडी गाडी करून पाठवायची, तर भाड्याच्या पैशात साड्यांचे दुकान उभे राहील. तीच साडी हजारो नगांबरोबर एका कंटेनरमधून नागपूरपर्यंत आली, की तिच्या वाट्याला भाड्याचे थोडेच पैसे येतात. पार्सल कंपनीचा सारा हिशेब या एका गोष्टीवर उभा असतो: माल जितका वेळ एकत्र जाईल तितका वेळ तो स्वस्तात जातो आणि जिथे सुटा होतो तिथून खर्च वाढत जातो.

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचे गाव दुसऱ्या प्रत्येक तालुक्याच्या गावाशी थेट जोडायचे म्हटले, तर 120 मार्ग लागतील आणि त्यातल्या बहुतेकांवर गाड्या रिकाम्या धावतील. यवतमाळ शहर मधे धरले तर 15 मार्गांत काम भागते. कंपन्या हेच गणित देशभर मांडतात. त्यामुळे आर्णीहून दिग्रसला, म्हणजे शेजारच्याच तालुक्यात निघालेले पार्सल आधी नागपूरला जाऊन परत येऊ शकते. ग्राहकाला हा वेडेपणा वाटतो. पण आर्णी-दिग्रस अशी वेगळी गाडी रोज सोडण्यापेक्षा हा फेरा स्वस्त पडतो.

या पद्धतीचा एक जुना आणि देखणा नमुना विदर्भातच होता. 1949 मध्ये टपालासाठी रात्रीची विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला उतरत, आपापसांत टपालाच्या थैल्या बदलत आणि उजाडण्याआधी माघारी फिरत. ही सेवा 1973 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत फेडेक्स कंपनीने मेम्फिस शहर मध्यवर्ती ठेवून अगदी याच धर्तीवर रात्रीची विमाने उडवायला सुरुवात केली.

केंद्रावर, म्हणजे हबमध्ये, मुख्य काम निवडीचे. नग पट्ट्यावरून सरकतात, यंत्र बारकोड वाचते आणि पिनकोडप्रमाणे नग वेगवेगळ्या थैल्यांत पडतात. हा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पिनकोडचा पहिला आकडा 4 पाहिला की पार्सल महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यात येते; 44 म्हणजे विदर्भ; 445 म्हणजे यवतमाळ. उरलेले तीन आकडे नेमके टपाल कार्यालय सांगतात. टपाल खात्यासाठी केलेली ही मांडणी आज खासगी कंपन्याही बिनदिक्कत वापरतात.

भाडे ठरवताना नुसता काटा पाहिला जात नाही. कापूस भरलेल्या उशा हलक्या असल्या तरी गाडीत जागा खातात. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला बहुधा 5000 ने भागतात. 50, 40 आणि 40 सेंटीमीटरच्या खोक्याचे वजन असे 16 किलो धरले जाते, मग आत चार किलोच्या उशा का असेनात. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर पैसे लागतात.

नागपूरहून यवतमाळ सुमारे दीडशे किलोमीटर. हा टप्पा रस्त्याचाच, आणि मोठ्या गाड्या तो सहसा रात्री कापतात, म्हणजे सकाळी वाटप सुरू करता येते. कापसासाठी घातलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, केव्हाच थांबली.

खरी परीक्षा यापुढे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 13,582 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 27 लाख 72 हजार. म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम दोनशे माणसे. यवतमाळ किंवा पुसदच्या वस्तीत डिलिव्हरी करणारा मुलगा एका गल्लीत पाच नग देतो. झरी जामणी किंवा मारेगावकडच्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्तीवर, एका नगासाठी तेवढाच वेळ आणि पेट्रोल जाते. एका पिनकोडात अनेक गावे असतात आणि पत्त्यात ‘मारुती मंदिराजवळ’ एवढेच लिहिलेले असते, म्हणून फोन करावाच लागतो. पुष्कळ ठिकाणी या मुलाला नगामागे पैसे मिळतात. घर बंद निघाले तर फेरी त्याच्याच अंगावर पडते. माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोयही नवी नाही. टपाल खात्याने व्ही.पी.ची पद्धत 1877 मध्येच आणली होती. तिची अडचणही जुनीच: ग्राहकाने नाकारलेला नग त्याच वाटेने परत जातो आणि दुहेरी वाहतुकीचा भार पाठवणाऱ्यावर येतो.

कंपन्या म्हणूनच कोणत्या पिनकोडला सेवा द्यायची याची यादी ठेवतात आणि न परवडणारी गावे वगळतात. टपाल खात्याला तसे करता येत नाही. देशात त्याची दीड लाखाहून जास्त कार्यालये आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ ग्रामीण भागात. यवतमाळचे प्रधान डाकघर, तालुक्याची उपडाकघरे, त्यांच्या हाताखाली गावोगावची शाखा डाकघरे आणि तिथले ग्रामीण डाकसेवक, अशी ही उतरंड आहे. ज्या गावी कंपनीची मोटारसायकल जात नाही, तिथे पार्सल डाकसेवकाच्या थैलीतून जाते आणि तेवढ्याच अंतरावरच्या शहराला जे दर लागतात तेच त्यालाही लागतात.