लंडनचा भाव हलला नाही, मग खिडकी महाग कशी झाली?

नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बनवतो. पावसाळ्यात एका बिल्डिंगचं कोटेशन दिलं, काम दिवाळीनंतर हातात आलं. तोवर सेक्शन किलोमागे आठ रुपयांनी चढलेलं. दोन टन माल, म्हणजे सोळा हजार गेले, आणि तेही त्याच्या मजुरीतून. त्याचा प्रश्न असा: "दादा, मी रोज मोबाइलवर लंडनचा भाव बघतो. तो तर तिथल्या तिथेच होता. मग मला दुकानदाराने गंडवलं का?"

नसेल गंडवलं. हिशोब करून बघू.

लंडन मेटल एक्स्चेंजवर भाव निघतो डॉलरमध्ये, एका टनाचा. समजा तो २५०० डॉलर आहे, आणि तिथेच थांबलाय. डॉलर ८३ रुपयांना असेल तर किलोला २०७ रुपये ५० पैसे पडतात. डॉलर ८६ झाला की तेच २१५ रुपये. साडेसात रुपये इथेच वाढले. वर आयात शुल्क, अधिभार धरून सव्वाआठ टक्के. झाले की आठ! लंडनमध्ये पान हललं नाही आणि नाशिकमध्ये खिडकी महागली.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण बॉक्साइट आपलं, कोळसा आपला, ओडिशात नाल्कोचा कारखाना आहे, मग डॉलर मध्ये आलाच कुठून? रत्नागिरीत हापूस रत्नागिरीकरांना तरी स्वस्त मिळतो का? मुंबईला जो भाव मिळतो तो बागायतदाराच्या डोक्यात असतोच. तसंच हे. इथे स्वस्त विकलं तर माल बाहेर जाईल, फार महाग विकलं तर गिऱ्हाईक बाहेरून मागवेल. त्यामुळे देशी कंपनीसुद्धा भाव लावताना लंडन, डॉलर आणि आयात शुल्क यांच्याकडे बघूनच लावते. म्हणजे जे शुल्क आपल्या मालावर कुणी भरलेलंच नाही, तेही भावात येऊन बसतं. मला हे जरा खटकतं, पण आहे हे असं आहे.

एक तुलना सांगतो, मी स्वतः दोनदा कॅल्क्युलेटर मारला. जुलै २००८ मध्ये लंडनचा भाव ३३०० डॉलरच्या आसपास होता, डॉलर साधारण ४३ रुपये. किलोला सुमारे १४२. २०२४ मध्ये लंडनची सरासरी २४०० च्या आसपास, डॉलर साडेत्र्याऐंशी. किलोला दोनशे! डॉलरमध्ये धातू पाव हिश्श्याहून जास्त स्वस्त झाला, आपल्याला मात्र चाळीस टक्के महाग पडला.

बरं, लंडनचा भाव तरी कशाने हलतो? त्यात विजेचा मोठा वाटा. एक टन अ‍ॅल्युमिनियम काढायला जवळपास १४ हजार युनिट वीज लागते. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराला ती दहाएक वर्षं पुरेल. आणि ही वीज मध्येच बंद करून चालत नाही. काही तास गेली तर भांड्यांतला वितळलेला धातू तिथेच गोठतो, मग ते सगळं पुन्हा सुरू करायला महिने जातात. म्हणून भाव पडला तरी कारखाने पटकन थांबत नाहीत, आणि एकदा थांबले की पटकन परत येत नाहीत. २०२१-२२ मध्ये युरोपात गॅस आणि वीज भडकली, काही कारखान्यांनी उत्पादन कमी केलं, त्यात युक्रेनचं युद्ध. रशिया मोठा उत्पादक. मार्च २०२२ मध्ये भाव ४००० डॉलरच्या वर गेला. चीन तर जगातलं निम्म्याहून जास्त अ‍ॅल्युमिनियम बनवतो. तिथे युनानमध्ये पाऊस कमी पडून जलविद्युत घटली तरी त्याची झळ इथे लागते.

भंगारवाला जुन्या पातेल्याला लोखंडापेक्षा इतका चांगला भाव का देतो, तेही यातच आलं. ते वितळवायला नव्याच्या मानाने पाचेक टक्केच ऊर्जा लागते.

तर नाशिकच्या दादा, लंडनचा आकडा एकटा बघू नकोस. एमसीएक्सचा भाव बघ, तो रुपयात, किलोमागे असतो, डॉलर त्यात आधीच मिसळलेला. आणि कोटेशनवर दोन ओळी टाक: "दर १५ दिवसांपुरता. नंतर सेक्शनच्या त्या दिवशीच्या भावाप्रमाणे फरक लागेल." मजुरी वेगळी लिही, माल वेगळा. गिऱ्हाईक कुरकुर करेल. करू दे.

पुढच्या भागात तांब्याबद्दल बोलू. तुमचे मेसेज पाठवत राहा.