नाईट संपते, ड्यूटी संपत नाही

(परिचारिकांच्या बैठकीतील भाषणाचा संक्षेप)



मी सत्तावीस वर्षं स्टाफ नर्स होते. एक रात्र विसरत नाही. पहाटेचे चार, चाळीस पेशंट आणि मी एकटी. सिरिंज भरून खाटेजवळ गेले, सवयीनं ॲम्प्यूल पुन्हा वाचलं. औषध भलतंच होतं! सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "लक्ष कुठं असतं तुमचं?" त्या आठवड्यात मी रोज चार तासही झोपले नव्हते. ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहाटे शरीराचं तापमान उतरतं, मेंदू झोप मागतो. हा निष्काळजीपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे. दिवसाची झोप तासा-दोन तासांनी तरी कमी भरते. थोडं जुळतंय तोवर पाळी बदलते. मग पित्त, मासिक पाळीच्या तक्रारी. वर्षानुवर्षांनी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

अमेरिकेत १९७६पासून परिचारिकांच्या आरोग्याचा मोठा अभ्यास चालू आहे. तीस वा अधिक वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांत स्तनांचा कर्करोग सुमारे ३६ टक्के जास्त आढळल्याचं त्यातून २००१मध्ये पुढे आलं. सगळ्याच अभ्यासांत असं दिसलं नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. डेन्मार्कमध्ये अशा काही स्त्रियांना नुकसानभरपाईही मिळाली.

आता घरात पाहू. नवरा रात्रपाळी करून आला की आपण मुलांना दटावतो, "हळू बोला, बाबा झोपलेत." आपण आलो की आधी गॅस पेटवतो. डबे, धुणं, सासूबाईंची औषधं. डोळा लागतो तोच बेल वाजते, कारण 'ती दिवसभर घरीच असते'. वर डॉक्टर सांगतात, भरपूर झोप घ्या. कुठून घ्यायची?

म्हणून झोप हा हक्काचा प्रश्न आहे. दोन पाळ्यांमध्ये किमान सलग १२ तास विश्रांती असावी, ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची शिफारस १९७७ची आहे. ती आपण मागू या. नाईट उतरल्याचा दिवस सुट्टीत धरू नका, हे सांगू या. रात्री वॉर्डात दुसरी सिस्टर हवीच.

आणि घरी? उद्या नाईट करून आल्यावर खोलीचं दार लावून घ्या. चहा ज्याला हवा, तो करील.