खाली बसवलेली पद्मिनी आणि घासणारा टायर

मी बोलतोय सिलतऱ्याहून. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरचं हे कारखान्यांचं गाव. स्पंज आयर्न, पोलाद, आणि दिवसरात्र ट्रक. ट्रकांनी रस्त्यात चाकोऱ्या पाडलेल्या. अशा रस्त्यावर मी बाबांची प्रीमिअर पद्मिनी चालवतो. कुर्ल्याला बनलेली, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची बहीण.

हौसेपायी मी ती खाली बसवली. एका गॅरेजवाल्यानं पुढच्या स्प्रिंगा गॅसनं कापल्या आणि रुंद टायर घातले. फोटो झकास आले. पण घरची मंडळी गाडीत बसली आणि खड्डा आला, की डाव्या बाजूनं 'खर्र' व्हायचं. मी दुर्लक्ष केलं. एक दिवस जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहिलं, तर टायरच्या बाहेरच्या खांद्याचं रबर जाऊन आतले धागे दिसत होते. मागच्या सीटवर आई बसली होती. तो टायर ट्रकांच्या गर्दीत फुटला असता तर?

मी मडगार्ड कापायला निघालो होतो. इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी थांबवलं. म्हणाले, "पहले देखो, घिसता कहाँ है."

त्यांनी टायरच्या दोन्ही कडांना खडू फासला. गाडीत माणसं बसवून खड्ड्यातून फेरी मारली, मग जागेवर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं. खडू पुसला गेला तो फक्त डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेचा. आता विचार करा. दोष नुसता रुंद टायरचा असता, तर दोन्ही बाजू घासल्या असत्या. एकच बाजू घासते, म्हणजे तिथं आणखी काही ढिलं आहे. निघालं तसंच: डाव्या खालच्या आर्मचे बुश संपले होते.

मग दुरुस्ती क्रमानं झाली. आधी बुश. मग दोन्ही पुढच्या स्प्रिंगा नव्या, कारण गॅसच्या आचेनं पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग बसत जाते. त्यानंतर मूळ मापाच्या जवळचे अरुंद टायर. शेवटी व्हील अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकाचा कलही बदलतो. मडगार्डला हात लावावाच लागला नाही.

तुमच्याकडे वेगळं असू शकतं. पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूनं घासत असेल, तर रिमचा ऑफसेट तपासा. चाक जरा बाहेर हवं असतं. बाहेरून घासत असेल तर उलट, आत हवं. स्पेसर घातलाच, तर बोल्टचे आटे पुरेसे धरतात ना, ते बघा. चाक वळवताना ब्रेकची नळी कुठं ताणत किंवा घासत नाही ना, हेही बघा.

दोन गोष्टी मात्र करू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. आणि दाबलेली स्प्रिंग घरी सोडवायला जाऊ नका. निसटली तर जीव घेते.

आमची पद्मिनी आता दोन बोटं उंच झाली आहे. फोटोत थोडी कमी ऐटदार दिसते. पण परवा आई मागच्या सीटवर निवांत झोपली होती, आणि खड्डा आला तरी तिला जाग आली नाही. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.