औंढ्याची वेधशाळा आणि वर्गातला पडदा

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ सर्वांना ठाऊक आहे ते ज्योतिर्लिंगासाठी. याच तालुक्यात आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर आणि कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा वेध! केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

पण शाळांनी तोवर थांबायचं कशाला?

अमेरिकेतल्या अशाच लायगो वेधशाळांच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या लोकसहभागाच्या उपक्रमात लहरींच्या नोंदींत मिसळणाऱ्या यंत्रातल्या गोंगाटाची चित्रं पडद्यावर येतात. गडद पार्श्वभूमीवर उजळ आकार. एक माशासारखा, म्हणून त्याचं नाव ‘कोई फिश’, दुसरा ‘व्हिसल’. पाहणाऱ्याने तो कोणत्या गटातला ते ठरवायचं. त्यासाठी पदवी लागत नाही, नजर लागते. माणसांनी केलेल्या या वर्गवारीवरून संगणकही शिकतो. कृत्रिम बुद्धिमत्ता कशी घडते, हे मुलांना याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

अडचण इंग्रजीची आहे आणि ती खरी आहे. तिथे शिक्षकच हवा. असा शिक्षक काय करू शकतो ते पाहा: सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, व्हिडिओ कॉलवरून परदेशातल्या वर्गांशी मुलांची गाठ घालून दिली. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाला.

हिंगोलीतल्या कळमनुरी किंवा सेनगावच्या वर्गात एक संगणक, बरं नेट आणि मराठीत समजावणारे गुरुजी किंवा बाई असल्या, की आठवड्यातला एक तास ‘ग्रॅव्हिटी स्पाय’साठी सहज काढता येईल.